कासनेरची उघडणी

कासनेरमध्ये मूल आपोआप जन्माला यायचं असेल, तर आधी गावातली प्रत्येक बंद वस्तू उघडावी लागते. ज्यांना एवढा खटाटोप नको असतो, ते बाईला जिल्ह्याच्या गावी नेऊन ऑपरेशन करवतात. तिथे गाव बंद असलं तरी चालतं.

विसुभाऊ कासारांच्या हेमाला मात्र ऑपरेशन नको होतं. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "बाबा, मला कापाकापी नको. तुम्ही गाव उघडा."

विसुभाऊंचं बांगड्यांचं दुकान होतं. त्यांनी मुलीच्या हातात हिरवा चुडा भरला आणि नगरपालिकेच्या उघडणी खात्यात अर्ज दिला. निरीक्षक शेवडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "घरात पहिलंच का? मग आतापासून तयारीला लागा. ऐन वेळी लोक लोणच्याच्या बरण्या विसरतात."

त्यानंतर हेमा अंगणात फेऱ्या घाली, खोल श्वास घ्यायचा सराव करी. आणि विसुभाऊ तेलाची बुधली घेऊन गल्लोगल्लीच्या गंजलेल्या कड्याकोयंड्यांना तेल घालत फिरत. लोकही समजूतदार. "आमच्या माळ्यावरची ट्रंक फार जाम आहे हो, तिला जरा जास्त सोडा," असं स्वतः होऊन सांगत.

आश्विनातल्या एका सकाळी हेमाला कळा सुरू झाल्या. नगरपालिकेचा भोंगा वाजला आणि कासनेर उघडू लागलं.

आधी दारं, खिडक्या, कपाटं. मग डबे, बाटल्या, छत्र्या. बायकांनी अंबाडे सोडले. वाण्याने पोत्यांची तोंडं मोकळी केली. पायजम्याच्या नाडीला नियमात सूट नाही, त्यामुळे प्रतिष्ठित मंडळी एका हाताने पायजमा सावरत चौकात उभी राहिली. बँकेच्या मॅनेजरने तिजोरी सताड उघडली आणि तो बाहेर पानाच्या टपरीवर जाऊन उभा राहिला, कारण उघड्या तिजोरीजवळ थांबणं कासनेरमध्ये असभ्य समजतात. एका घरातला पोपट उघड्या पिंजऱ्याच्या दारात येऊन बसला, पण उडाला नाही.

अशा वेळी गावातले आवाज आपोआप खाली येतात. कुणाच्या घरात काय आहे आणि काय नाही, ते रस्त्यावरून दिसतं, पण कुणी बघत नाही. विसुभाऊंनी हे लहानपणापासून पाहिलं होतं. आज मात्र ते ओट्यावरून खाली उतरले, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी दारं पाहिली आणि नकळत त्यांनी टोपी काढली. एवढ्या माणसांनी आपलं सगळं उघडं टाकलं होतं, ते त्यांच्या हेमासाठी.

दुपार झाली, तरी बाळ येईना. कळा येत आणि विरून जात. बाळंतपणाला आलेल्या मालन सिस्टर हात पुसत बाहेर आल्या. "शेवडेसाहेब, अजून काहीतरी बंद आहे."

"शक्य नाही," शेवडे म्हणाले. "मी स्वतः देवळातल्या दानपेटीपर्यंत जाऊन आलो."

"पोरीच्या अंगात आता फार जोर नाही. ऊन ओट्यावरून खाली उतरेपर्यंत मी थांबते. मग गाडीत घालते."

गाडी दारातच उभी होती, अर्थात सगळी दारं उघडून. ओट्यावर विसुभाऊंच्या शेजारीच त्यांचे व्याही गंगाधरराव कोळपकर बसले होते. जावई अजून वाटेत होता, पण गंगाधरराव निरोप मिळताच येऊन पोचले होते. विसुभाऊंनी घरात पाहून बायकोला हाक मारली, "अगं, पाहुण्यांना विचार, पाणी हवं का म्हणावं."

पाहुणे हाताच्या अंतरावर होते.

"हे काय?" सिस्टर थबकल्या.

"यांचा व्याह्यांशी अबोला आहे," आतून शकुंतलाबाईंनी विसुभाऊंच्या वतीने खुलासा केला. "हेमाच्या लग्नापासून. व्याहीभेटीच्या वेळी व्याह्यांनी यांना सोडून आमच्या धाकट्या भाऊजींना मिठी मारली. भाऊजींनी कोट घातला होता ना!"

सिस्टरनी शेवड्यांकडे पाहिलं. शेवडे म्हणाले, "तोंड हे नियमात येत नाही. ते दिवसातून कितीदा उघडतं."

"यांचं एका माणसापुरतं उघडत नाही. नगरपालिकेच्या मागच्या दाराला कडी होती, पुढच्या दाराने येणंजाणं सुरू होतं. तरी तुम्ही ते बंद धरलंत की नाही?"

शेवड्यांनी उठून विसुभाऊंना नमस्कार केला. "कासार, आपलं तोंड उघडावं लागेल."

"आधी त्यांनी उघडावं."

"माझं उघडंच आहे हो!" गंगाधरराव म्हणाले. "मी प्रत्येक दिवाळीला 'काय विसुभाऊ' म्हणतो. हे भिंतीकडे बघतात."

"रुसवा सोडायला हवा असं काही नाही," शेवड्यांनी नियम समजावला. "फक्त उघडायचं. आत काहीही असलं तरी चालतं."

ऊन ओट्याच्या कडेला आलं होतं. आतून हेमाचा आवाज आला, "बाबा!" एवढंच.

विसुभाऊ व्याह्यांकडे वळले. त्यांचं तोंड उघडलं, पण आधी नुसती हवा आली. शेवड्यांनी खिशातून तेलाची बुधली काढली आणि सिस्टरनी डोळे वटारल्यावर परत ठेवली. मग शब्द आले.

"कोट घातलेला माणूसच मुलीचा बाप असतो का हो?"

"अहो, तुम्ही पंगतीत मठ्ठा वाढत होतात! मला वाटलं आचारी."

"मुलीच्या लग्नात बाप वाढणार नाही तर कोण वाढणार?"

"ते खरं. पण मठ्ठा झकास होता."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

विसुभाऊ पुढेही बरंच काही बोलले, पण ते कुणी ऐकलं नाही. कारण त्याच वेळी गावाबाहेरून एक हलका, तडतड असा आवाज येऊ लागला. सगळे तिकडे पाहू लागले. कपाशीच्या शेतातली हिरवी बोंडं, ज्यांना उघडायला अजून बराच अवकाश होता, ती उमलत होती. आधी जवळच्या शेतातली, मग पलीकडची, मग ओढ्यापलीकडची. पांढरा रंग डोंगरापर्यंत पसरत गेला. कुंडीतल्या कळ्या सुटल्या. मंदिरामागच्या विहिरीवरची शिळा, जी दगडच समजून निरीक्षकांनी मोजली नव्हती, ती हळूच बाजूला सरकली आणि खाली खूप खोल पाणी चमकलं. चौकातल्या प्रतिष्ठित मंडळींनी दोन्ही हात जोडले. पायजम्यांचं पुढे काय झालं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आणि आत बाळ रडलं.

मुलगी होती. सिस्टरनी तिला पुसून फडक्यात गुंडाळलं, सैलसर, गाठ न मारता, आणि हेमाच्या कुशीत दिलं. विसुभाऊ आणि गंगाधरराव एकाच वेळी दारातून आत शिरायला गेले आणि अडकले. "या, तुम्ही आधी," विसुभाऊ म्हणाले. जावई संध्याकाळी आला, तेव्हा दोघे त्याला बाळाच्या जवळ जाऊ देत नव्हते.

दिवेलागणीला शेवडे परत आले. पलीकडच्या गल्लीत शिंप्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या.

"सगळं पाहून आलो. गाव अजून उघडंच आहे," ते दारातूनच हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी बाळाकडे पाहिलं. "फक्त या दोन राहिल्या."

बाळाच्या दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या होत्या.

"मी हळूच बोटं सोडवू का?" विसुभाऊंनी विचारलं. बांगड्या भरताना भल्याभल्या मुठी त्यांनी सैल केल्या होत्या.

"बाबा, हात लावायचा नाही," हेमा म्हणाली. "ती स्वतः उघडेल."

"सक्ती करताही येत नाही," शेवडे म्हणाले. "अजून नाव ठेवलेलं नाही. नोटीस कुणाच्या नावाने काढणार?"

त्यांनी चपला काढल्या आणि भिंतीशी टेकून बसले. थोड्या वेळाने शिंप्यांची सासू आली, बाळाकडे पाहून तिने तोंडाला पदर लावला आणि तीही बसली. मग एकेक करत गल्ली आली, ओटा भरला, अंगण भरलं. गंगाधररावांनी सरकून विसुभाऊंना जागा दिली.

बाळ झोपलं होतं. कुणी घाई केली नाही. सगळं कासनेर दारं सताड उघडी टाकून त्या दोन मुठींकडे बघत बसलं.