व्याह्यांची उंची आणि माझी कोपरं

गाडी कशी असावी हे ज्याला शिकायचं असेल त्यानं रविवारी दुपारी आमच्या दक्षिण ह्यूस्टनच्या रस्त्यावर येऊन उभं राहावं. मी तिथून जाईनच. छत मागं दुमडणारी माझी जुनी कॅडिलॅक, पाकातल्या चेरीसारखा रंग, आणि चारी चाकांच्या मधोमध बाहेर आलेली तारांची चकचकीत, लांब टोकं. आम्ही त्यांना कोपरं म्हणतो. कमरेवर हात ठेवून बाई भांडायला उभी राहिली की कोपरं कशी दोन्हीकडे बाहेर येतात, तशीच. ही गाडी हळू चालवायची, डावीउजवीकडे डुलवत. ज्याला घाई असेल त्यानं बस पकडावी!

त्यामुळे माझ्या लेकीचं, डेल्फीनचं लग्न ठरलं तेव्हा ती चर्चला कशातून जाणार, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. तो व्याह्यांच्या मनात आला.

आमचे व्याही ऑर्विल टिलमन फ्लोरिडाचे. माणूस तसा चांगला, पण फ्लोरिडाचा. तिकडे गाडी रुंदीला वाढवत नाहीत, उंचीला वाढवतात. पन्नास वर्षांपूर्वीची शेवरले घ्यायची, तिच्याखाली बग्गीला शोभतील एवढाली चाकं घालायची आणि मग त्या मचाणावर बसून जगाकडे बघायचं. आपल्या मुलाच्या लग्नासाठी ते ही गाडी दुसऱ्या ट्रकवर चढवून ह्यूस्टनला घेऊन आले. रंग अंड्याच्या बलकाचा. सोबत विहीणबाई, आणि विहीणबाईंच्या हातात घडीचं एक स्टूल, कारण त्याशिवाय त्यांना नवऱ्याच्या शेजारी बसता येत नाही.

माझ्या बायकोनं, अर्लीननं त्यांना जेवायला बोलावलं. भाजलेलं मांस, बटाट्याचं सॅलड, मक्याचा पाव, सगळं साग्रसंगीत. व्याही खिडकीतून माझी गाडी न्याहाळत होते.

"ब्रदर वेंडेल, गाडी छान आहे हो तुमची. पण खेकडा पाळल्यासारखं वाटतं."

"तुमचीही छान आहे, ब्रदर ऑर्विल. फक्त कळत नाही, आत बसायचंय की बल्ब बदलायचाय."

हळूहळू मानपान पेटला. मुलीला चर्चला कोण नेणार? ते म्हणाले, सून आमची. मी म्हणालो, अजून मुलगी आमची. तेवढ्यात डेल्फीननं काटा खाली ठेवला.

"डॅडी, मला हातगाडीवरून न्या, पण तीनला पोचवा," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. जावई नौदलात. त्याला लग्नाच्याच संध्याकाळच्या विमानानं तळावर हजर व्हायचं होतं, आणि आमच्या पास्टरांनी सांगून ठेवलं होतं की आपल्यामागे दुसरं लग्न आहे, तीनला नवरी दारात नसेल तर ते आधी लागेल. म्हणजे आमचं लग्न गेलं सहा महिन्यांवर. शेवटी अर्लीननं निवाडा केला: जाताना आमची गाडी, येताना त्यांची. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मीही डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी अर्लीनला न सांगता गॅरेजमध्ये जाऊन जुनी कोपरं काढून बाजारात मिळतात त्यातली सगळ्यांत लांब कोपरं बसवून घेतली. व्याह्यांना कळलं पाहिजे की रुंदी म्हणजे काय! शिवाय डिकीत नवं वाक्य लावून घेतलं. आमच्याकडे बटण दाबलं की डिकीचं झाकण ताठ उभं राहतं आणि आत लाल दिव्यांची अक्षरं पेटतात. ज्याचं त्याचं आपलं वाक्य असतं. मी लिहवून घेतलं, 'फ्लोरिडानं मागून यावं'. चर्चच्या दारात ते उघडायचं, असा बेत होता.

लग्नाच्या दिवशी अर्लीन पुढं जाऊन चर्चमध्ये बसली. मी छत दुमडलं, डेल्फीनला मागच्या सीटवर बसवलं आणि डुलत निघालो. लोक पायऱ्यांवर उभे राहून हात हलवत होते. मोठा रस्ता खणून ठेवलेला निघाला, पण मला कसली काळजी? बर्गरच्या दुकानाला वळसा घालून, गाडीत बसूनच ज्या खिडकीतून खाणं घेतात, त्या खिडकीच्या गल्लीतून गेलं की पलीकडं थेट चर्च. गल्लीच्या एका अंगाला दुकानाची भिंत, दुसऱ्या अंगाला लोखंडी खांब. वर्षानुवर्षं मी तिथून गेलोय, आणि एकदाही कोपर घासलेलं नाही.

ती जुनी कोपरं होती.

खिडकीसमोर आलो आणि दोन्ही बाजूंनी असा आवाज झाला की माझ्या दाढा दुखल्या. पुढं जाईना. मागं घेतली, तर एक कोपर खांबामागं गळासारखं अडकलं. दारं वीतभर उघडून भिंतीला आणि खांबाला टेकली. खिडकीतली मुलगी बाहेर वाकली आणि म्हणाली, पुढं सरका, मागं गर्दी आहे. मी म्हणालो, बाई, अडचण तीच आहे. तिनं थोडा विचार केला.

"मग काहीतरी घ्या तरी," ती म्हणाली.

मागून हॉर्न वाजायला लागले. डेल्फीन नुसती घड्याळाकडे बघत होती, आणि ते मला हॉर्नपेक्षा वाईट लागलं. माणूस घाबरला की जे बटण दिसेल ते दाबतो. मी दाबलं. डिकीचं झाकण दिमाखात उभं राहिलं, लाल अक्षरं पेटली, आणि पुन्हा काही केल्या मिटेनात.

रांगेत माझ्यामागं दोन गाड्या होत्या आणि त्यांच्यामागं बलकाच्या रंगाची एक. हॉटेलवरून येताना व्याह्यांनाही तोच खणलेला रस्ता लागला होता. मधल्या दोन्ही गाड्यांच्या टपांवरून त्यांना माझं वाक्य आरामात वाचता येत होतं. त्यांनी ते वाचलं. सावकाश वाचलं.

मग ती गाडी रांगेतून बाहेर पडली, फुटपाथवर चढली, दुकानाच्या फुलझाडांवरून कुणाला धक्काही न लावता गेली आणि पुढून येऊन माझ्या नाकासमोर आडवी उभी राहिली. इतकी खेटून, की तिच्या दाराचा उंबरा बरोबर माझ्या बॉनेटच्या पातळीला आला. व्याह्यांनी दार उघडलं.

"ब्रदर वेंडेल, फ्लोरिडा मागून आलं. द्या पोरीला इकडं."

पोरीला द्यायला माझी ना नव्हती. पण वाट होती बॉनेटवरून. त्या रंगाचे किती हात एकावर एक चढवलेत ते रंगवणाऱ्यालाच ठाऊक. त्यावर मी अर्लीनला कधी पर्स ठेवू दिली नव्हती. माशी बसली तर मी तिला विनंती करून उठवत असे. हे डेल्फीन लहानपणापासून बघत आलेली. समोरची काच ओलांडण्याआधी ती थांबली, माझ्याकडे न बघता वाकली आणि बुटांचे बंद सोडायला लागली.

"काय करतेस?"

"बूट काढते, डॅडी. ओरखडे पडतील."

तेव्हा मला माझी लाज वाटली. भर लग्नाच्या दिवशी माझी लेक माझ्या गाडीला घाबरत होती.

"घाल ते बूट," मी म्हणालो. "नवरी अनवाणी जात नसते. चल, नाच तिच्यावर."

तिनं माझ्या गालाचा मुका घेतला आणि निघाली. टक, टक, टक, टक. व्याह्यांनी तिचा हात धरून तिला अलगद आत घेतलं. मग त्यांनी तोच हात माझ्यापुढं केला. बाप हवाच ना चर्चमध्ये! मी पोट आवळलं आणि काचेवरून घसरत बॉनेटवर उतरलो.

चर्चच्या ओसरीचं छप्पर ठेंगणं, त्यामुळे गाडी बाहेरच थांबली. स्टूल आधीच येऊन बसलेल्या विहीणबाईंबरोबर आत, पहिल्या बाकावर. शेवटी चर्चची माणसं दिव्यांच्या खोलीतून शिडी घेऊन आली. डेल्फीन उतरली. मी मधल्या पायरीवर असताना वरून आवाज आला.

"सावकाश, ब्रदर वेंडेल. बल्ब बदलून झाला का?"

तीनच्या ठोक्याला आम्ही दारात होतो. लेकीचा हात जावयाच्या हातात देताना मी रडलो. गाडीसाठी रडला असं अर्लीन सांगत फिरते, ते साफ खोटं आहे. निदान सगळंच गाडीसाठी नव्हतं.

गाडी संध्याकाळी सोडवून आणली. आता जुनी कोपरं परत बसवलीत आणि डिकी कोरी आहे. बॉनेटवरच्या टाचांच्या खुणा मात्र मी बुजवू दिल्या नाहीत. रविवारी लोक विचारतात तेव्हा अभिमानानं दाखवतो, ही माझी लेक लग्नाला गेली ती वाट. मग ते विचारतात की त्या खुणांच्या शेजारी हा परातीएवढा खड्डा कसला? अर्लीन जवळपास नसेल तर मी सांगतो की तिथं व्याही बसले होते.