धुरी काकांचा शिक्का

आमच्या इमारतीत कोणी नुसतं "पाणी बसून प्यावं म्हणतात" असं म्हणालं, तरी धुरी काका उजवा तळहात पुढे करतात आणि विचारतात, "शिक्का?" समोरचा माणूस नवा असेल तर त्याला वाटतं, काका काहीतरी मागतायत. गॅसवाल्याने एकदा त्या हातावर पावती ठेवली होती. जुने लोक तो हात दिसला की विषय बदलतात.

काका वजनमापे खात्यातून निवृत्त झाले. उभी नोकरी बाजार पालथे घालण्यात गेली. दुकानात शिरायचं, हात पुढे करायचा, किलोचं वजन त्या हातावर घ्यायचं, उलटं करायचं आणि खालच्या शिशावर सरकारी शिक्का आहे का ते बघायचं. नसला तर वजन जप्त आणि दुकानदार गप्प. निवृत्तीनंतर माणसं भजनाला जातात, कुंड्यांना पाणी घालतात, काहीच जमलं नाही तर सोसायटीच्या सभेत येऊन माझं डोकं खातात. मी सेक्रेटरी आहे, म्हणजे ज्याला नाही म्हणता आलं नाही तो. काकांचं तसं झालं नाही. त्यांच्या हातात स्मार्टफोन आला आणि अख्खा देश बिनशिक्क्याची औषधं वाटत सुटलाय असं त्यांच्या लक्षात आलं.

त्यांना ते शोधायला लांब जावं लागलं नाही. उमेळ्यातल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप पुरेसा होता. चौधरी वहिनी दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि रोज सकाळी एक रोग बरा करतात. सोमवारी भेंडीच्या पाण्याने मधुमेह गेला, मंगळवारी एरंडाच्या पानाने गुडघे सुटले, बुधवारी आल्यालसणाच्या रसाने हृदयातले अडथळे मोकळे झाले. त्याखाली अठरा घरांतून हात जोडलेली चित्रं येतात. ती पाठवणारे सगळे पदवीधर आहेत, दोघे तर इंजिनिअर आहेत, हे मुद्दाम सांगतो. भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाव तास घासाघीस करणारी ही मंडळी, पण कोणीतरी कुठूनतरी पाठवलेल्या चार ओळींवर स्वतःचं काळीज सोपवून मोकळी होतात.

"अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे मान्य केलं आहे, पण ते तुम्हाला कधीच सांगणार नाहीत," असं वहिनींनी एकदा पाठवलं. काकांनी खाली लिहिलं, "सांगणार नाहीत तर वहिनींना कोणी सांगितलं? शिक्का?" वहिनी ग्रुपमधून बाहेर पडल्या. मी त्यांना परत घेतलं. सेक्रेटरीचं निम्मं काम हेच असतं.

मग काकांनी जाहीर केलं की रविवारी सोसायटीच्या ऑफिसात ते सगळ्यांना 'माहिती तपासणे' शिकवणार. चहा असेल असं मी लिहिल्यामुळे माणसं जमली. काका फोन उंच धरून उभे राहिले. "पान उघडलं की पहिलं काय करायचं? खाली जायचं. एकदम तळाशी. वजनाचा शिक्का कधी डोक्यावर नसतो. कोणी लिहिलं, त्याचं शिक्षण काय, कुठल्या डॉक्टरने तपासलं, कधी तपासलं. हे चार नसतील तर पान बंद. आणि बाजूला 'आत्ताच मागवा' असं बटण असेल, तर फोनच बंद. तराजू त्याचा, वजनं त्याची, आणि मालही तोच विकणार? चालेल तुम्हाला?"

"पण मराठीत कुठे असतं हो असलं?" पहिल्या मजल्यावरच्या सामंतांनी विचारलं. "तुम्ही दाखवता ती सगळी पानं इंग्रजी."

काकांनी फोन खाली घेतला. "तेच दुखणं आहे," ते म्हणाले. "खोटं सगळं मराठीत मिळतं, अगदी गोड मराठीत. खरं वाचायचं तर डिक्शनरी घेऊन बसावं लागतं." हे मात्र मला पटलं. बाकीच्यांनी चहा प्यायला आणि घरी जाऊन लिंबू-सोड्याचा नवा मेसेज पुढे पाठवला.

त्याच वर्षी गणपतीत मंडळाने आरोग्य शिबिर ठेवलं. वसई रोडला दुकान असलेला कोणी एक 'तज्ज्ञ' मशीन घेऊन आला. धातूचा दांडा मुठीत धरायचा, मिनिटभरात लॅपटॉपवर सगळ्या अवयवांचा रिपोर्ट येतो, आणि प्रत्येक अवयवासाठी त्याच्याकडे एकेक डबा तयार असतो. मंडपात रांग लागली. आरतीला सुद्धा एवढी रांग नव्हती. काकांचा नंबर आला तेव्हा त्यांनी पिशवीतून गिरीजच्या वाडीतलं एक राजेळी केळं काढलं, सोललं, त्यात तो दांडा खुपसला आणि म्हणाले, "करा चालू."

तज्ज्ञ म्हणाला, "काका, मस्करी नको." काका म्हणाले, "मस्करी कसली? मशीन बिघडलं नसेल तर ते सांगेल ना की हे केळं आहे." मागची पोरं ओरडायला लागली, त्यामुळे त्याला बटण दाबावं लागलं. रिपोर्ट आला. काकांनी मंडळाचा माइक घेतला आणि ठणठणीत आवाजात वाचला. केळ्याचं यकृत अशक्त होतं, पित्ताशयात खडे होण्याची शक्यता होती, हाडं ठिसूळ झाली होती आणि त्याला मानसिक ताण होता.

तुम्हाला वाटेल, लोकांनी त्या तज्ज्ञाला हाकललं असेल. तुम्ही आमच्या सोसायटीत राहत नाही म्हणून असं वाटतं. लोक काकांवर चिडले. चांगलं चाललेलं शिबिर बंद पाडलं म्हणून अध्यक्षांनी त्यांना सुनावलं. आमचे एक इंजिनिअर तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पण केळ्यात कॅल्शियम कमी असतं, हे बरोबरच आहे ना?" चौधरी वहिनी पुढच्याच आठवड्यात त्याच्या दुकानात जाऊन पूर्ण कोर्स घेऊन आल्या. केळं मात्र काकांनी तिथेच खाल्लं.

मला काकांचं हसू यायचं आणि त्यांचा रागही यायचा. बरोबर असणं ही एक गोष्ट झाली. पण बरोबर असण्याची एवढी चैन करू नये. बारशाला सुंठवड्याचे गुण ऐकून हात पुढे, तेराव्याला "ते वेळेवर गोमूत्र घेत असते तर" ऐकूनही हात पुढे. माणसं त्यांना टाळायला लागली होती, आणि हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग शालन काकू आजारी पडल्या. शालन काकू म्हणजे काकांची बायको, आमच्या अख्ख्या इमारतीत जिच्याबद्दल कोणी वाईट बोललं नसेल अशी एकच बाई. आधी हातातून कप पडायला लागला, मग चप्पल पायातून निसटायला लागली. स्नायू हळूहळू निकामी होत जाण्याचा काही आजार निघाला. नाव लांबलचक आणि इंग्रजी. आमच्याकडे ज्या आजाराचं नाव बोलता येत नाही त्याला वात म्हणतात, त्यामुळे काकूंना वात झाला असं ठरलं आणि सगळे बघायला निघाले.

आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे शहाळं न्यायचं आणि उपाय न्यायचा. शहाळं एक वेळ राहिलं तरी चालतं. काकांनी दाराजवळ खुर्ची टाकली. शहाळी आत गेली, उपाय बाहेर राहिले. कोणी तेल आणलं, कोणी चुंबकाचं कडं आणलं, वहिनींनी त्या दुकानातला डबाच आणला. प्रत्येकासमोर हात पुढे आणि "शिक्का?" खाडीकडच्या जुन्या घरातल्या भोईर आजी तर काकूंच्या लग्नापासूनच्या मैत्रीण. त्या लिफ्टला भितात, म्हणून जिने चढून, धापा टाकत आल्या.

"शालन, कामनला एक बाबा हाय. पानी मंतरून देतो. माज्या भावजयीला गुन आला."

"आजी, भावजयीला काय झालं होतं?" काकांनी विचारलं.

"कंबर दुखाची."

"ही कंबर नाही. आणि त्याचा शिक्का कुठाय?"

आजी उठल्या. खाली येऊन मला म्हणाल्या, "तो खरा बोलतो रे. पन आमी काय नुसता पानी द्यायला जातो काय? तिच्याजवल बसाया जातो." त्यानंतर त्या गेल्या नाहीत. हळूहळू बाकीचेही थांबले. एवढा अचूक माणूस, आणि बायकोच्या भोवतीची सगळी माणसं वेचून काढली, असं मला वाटलं. मी घरी तसं बोलूनही दाखवलं.

पुढे एका रविवारी दुपारी चाकाच्या खुर्चीसाठी तळमजल्याच्या पायऱ्यांवर उतार बांधायचा होता, त्याची जागा विचारायला मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. काकू खिडकीशी, उशांना टेकून. काका शेजारच्या स्टुलावर, पाठ माझ्याकडे, फोन नाकाशी धरून वाचत होते.

"बस रे मनोज," काकू म्हणाल्या. शब्द जरा जड येत होते. "यांचं पान चालू आहे. संपू दे."

काका वाचत होते, "'या आजारात गेलेली ताकद पुष्कळांच्या बाबतीत हळूहळू परत येते. हात आधी सुधारतात. नियमित व्यायाम करणाऱ्या रुग्णांना पुढे स्वतःच्या हाताने जेवता येतं, घरातली बारीकसारीक कामंही करता येतात.'"

मी त्यांच्या खांद्यामागे उभा होतो. अक्षरं त्यांनी मोठी करून ठेवली होती, त्यामुळे मला सहज दिसली. पान इंग्रजी होतं. लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव होतं, तपासणाऱ्याचं होतं, तारीख होती. आणि त्यात लिहिलं होतं की या आजारावर इलाज नाही. गेलेली ताकद परत येत नाही. औषधांनी वेग थोडा कमी होतो, एवढंच.

माझं डोकं सणकलं. केळ्याच्या रिपोर्टवरून अख्ख्या मंडपाची अब्रू काढणारा हा माणूस घरात बसून सरळ काटा मारत होता. चौधरी वहिनी निदान न कळून मारतात. मी काही बोलणार एवढ्यात काकांनी मागे वळून पाहिलं. मी वाचलं आहे हे त्यांना कळलं. "चहा टाकतो," म्हणाले आणि फोन तसाच पलंगावर ठेवून आत गेले.

काकू माझ्याकडे बघून हसल्या. "दिसतात तसे नाहीत रे ते. रोज वाचून दाखवतात. मला इंग्रजी कुठलं येतंय? पण दुसऱ्या कोणाचं मी आता ऐकतही नाही. ते वाचतात ते शिक्क्याचं असतं. म्हणून तर तो चेंडू दाबत बसते दिवसभर." त्यांच्या मांडीवर स्पंजचा एक पिवळा चेंडू होता. त्यांनी तो दाबून दाखवला. बोटं त्याच्याभोवती नीट मिटली नाहीत.

मग म्हणाल्या, "पुढचं तू वाच. हे मध्येच थांबतात. अवघड शब्द आला म्हणतात. तुझं इंग्रजी चांगलं आहे."

मी फोन उचलला. स्वयंपाकघराच्या दारात काका हातात गाळणं घेऊन उभे होते. मला त्यांचा चेहरा अजून आठवतो. काटा मारताना पकडलेल्या दुकानदारांचे चेहरे त्यांनी जन्मभर पाहिले असतील, पण तो तसा चेहरा नव्हता. हा माणूस माझ्याकडे काहीतरी मागत होता, आणि हात पुढे करायचंही विसरला होता.

पुढच्या ओळीत लिहिलं होतं की शेवटी श्वासही आपला आपण घेता येत नाही.

"'रुग्णाने व्यायाम सोडू नये,'" मी वाचलं. "'सुधारणा सावकाश होते, पण होते. आणि रुग्णाच्या आसपास माणसांची ये-जा असावी. जुन्या मैत्रिणींनी रोज येऊन बसावं. त्या काय बोलतात याकडे घरच्यांनी लक्ष देऊ नये.'"

"असं लिहिलंय?" काकूंनी काकांकडे पाहिलं.

काकांनी गाळण्याकडे पाहिलं. "लिहिलं असेल," ते म्हणाले. "मी तिथवर पोचलो नव्हतो."

"मग भोईरणीला बोलवा की."

"बोलावतो."

चहा झाला. उताराची जागा ठरली. काका मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. एवढ्या वर्षांत ते कधी कोणाला सोडायला आलेले मी पाहिले नव्हते. बटण दाबून आम्ही दोघे दाराकडे बघत उभे राहिलो. वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं.

लिफ्ट आली. मी आत शिरलो तेव्हा काकांनी दार हाताने धरून ठेवलं.

"उद्या ऑफिसातून आलास की येशील?" ते म्हणाले. "पुढचं पान गिळण्याबद्दल आहे. ते माझ्याच्याने नाही वाचवत."