बाबांचे गमबूट

मावशी कोंबड्या पाहायला निघाली आणि शेडच्या दारातच अडली. उंबऱ्याशी जंतुनाशकाचं घमेलं होतं आणि घमेल्यापलीकडे भाची उभी होती.

"पाय बुडव."

"अगं, नव्या कोऱ्या चपला आहेत!"

"मग लांबूनच बघ."

"तुझ्या बापानंसुद्धा मला कधी असं दारात उभं केलं नव्हतं."

"केलं होतं. म्हणूनच इतकी वर्षं तू इकडे फिरकली नव्हतीस."

मुलीचाही नाइलाज होता. बाबा गेले आणि पाठोपाठ तपासणीचा निकाल आला: दारालगतच्या भुशात साल्मोनेलाचे जंतू. पुढच्या नमुन्यांतही ते सापडले, तर शेडमधल्या सगळ्या कोंबड्या मारून टाकाव्या लागणार होत्या. ही खेप बाबांच्या हातची शेवटची. पिल्लं आली तेव्हा ते शेडमध्येच खाट टाकून झोपायचे. दिव्याची ऊब कमी पडली की चिवचिवाटावरून त्यांना झोपेतही कळायचं.

तेव्हा मुलीनं कंबर कसली. उंदरांची बिळं बुजवली, चिमण्यांसाठी जाळी ठोकली, मांजराला हद्दपार केलं. खाद्याच्या ट्रकवाल्याला चाकं धुवायला लावली.

"ताई, मीपण आंघोळ करू का?" त्यानं वैतागून विचारलं.

"केलीत तर बरंच."

आईला तर चुलीपाशी जाण्याआधीही हात दाखवावे लागत. "सासूच्या राज्यातही एवढा जाच नव्हता," ती म्हणायची.

नमुने घ्यायला जनावरांचे डॉक्टर आले. जाळी पाहिली, बिळं पाहिली, खूश झाले. मग मुलगी त्यांना आत न्यायला निघाली. पायांत बाबांचे गमबूट, बोटांशी चिंध्या कोंबलेले. घमेल्याशी येताच तिनं ढांग टाकली आणि ते ओलांडून पलीकडे गेली.

"हे काय?" डॉक्टर थबकले.

"हे बाबांचे आहेत. त्यांच्या शेवटच्या दिवसाची माती आहे यांवर. बुडवले तर धुऊन जाईल."

डॉक्टरांनी वाकून बुटांच्या तळव्यांचाही नमुना घेतला.

निकाल आला, तेव्हा जंतू फक्त बुटांवरच निघाले. "कोंबड्यांपर्यंत पोचले नसावेत अजून," डॉक्टर म्हणाले. "दारालगतचा भुसा काढा. आणि बूट नुसते बुडवू नका, आधी घासा. चिखलाखाली औषध पोचत नाही. पुन्हा नमुने घेऊ."

मुलगी मोरीत बूट घेऊन बसली. ब्रश काही उचलवेना. आई शेजारी येऊन टेकली.

"बाबा रोज घासायचे का गं?"

"ते? जगाला शिस्त शिकवायचे आणि कुणी बघत नसलं की घमेल्यावरून उडी मारून आत! संध्याकाळी मीच घासून ठेवायचे. त्यांना वाटायचं, बूट मुळातच चांगल्या जातीचे आहेत."

"मग या वेळी का नाही घासलेस?"

"तू हात लावू देशील तर ना. आणि मलाही धीर झाला नाही."

आईनं एक बूट उलटा करून उजेडात धरला. "पण अगं, तू रोज हेच घालून हिंडतेस. त्यांची माती केव्हाच झडून गेली असेल. ही घाण सगळी तुझी आहे."

मुलगी आधी हसली. मग नळ सोडून बराच वेळ बूट घासत बसली.

पुढचे नमुने स्वच्छ आले. कोंबड्या वाचल्या. जाता जाता डॉक्टर शेडकडे पाहत आदरानं म्हणाले, "अखेर वडिलांची शिस्त राखलीत हं!"

"हो ना," मुलगी म्हणाली. आईकडे मात्र तिनं मुळीच पाहिलं नाही. आईनं तोंडाला पदर लावला होता.