साळवीकाकांची दुरुस्ती

गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता साळवीकाकांनी तिसरा स्पीच थेरपिस्ट नापास केला. कारण: तो ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाला.

साळवीकाका बेव्हर्ली पार्क वसाहतीत माझ्या समोरच्या दाराआड राहतात. आमच्या वर्तमानपत्रात तीस वर्षं मुद्रितशोधक होते. निवृत्त झाले, पण खिशातलं लाल पेन निवृत्त झालं नाही. लिफ्टमधल्या नोटिशीवर ते रोज खुणा करतात. भाजीवाल्यालाही सोडत नाहीत. “दुरुस्ती हवी,” एवढंच म्हणतात.

पक्षाघातानंतर त्यांच्या पत्नी सुमनकाकूंना सगळं समजतं, पण शब्द येत नाही. उपचार लवकर सुरू करा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. लांबचा प्रवास काकूंना झेपत नाही, म्हणून माणूस इथलाच हवा होता. पहिल्या पत्त्यावर भाषणकलेचा वर्ग निघाला. तिथल्या सरांनी विचारलं, “कुठल्या वॉर्डातून उभे राहताय?” काका त्यांच्या पाटीवरची वेलांटी सुधारून परतले. दुसऱ्या बाई हिंदीतच बोलत होत्या.

गुरुवारी भाईंदर पश्चिमेला चौथ्या ठिकाणी गेलो. काकूंना धरायला मी सोबत होतो. थेरपिस्ट मॅडम जवळच्याच उत्तन गावच्या होत्या.

“आधी ‘पाणी’ म्हणून दाखवा,” काका म्हणाले.

“काका, पेशंट कोण, तुम्ही की मी?” मॅडम फॉर्म भरत म्हणाल्या. “काकू लहानपणी घरी कसं बोलायच्या?”

“माहेर इथल्याच मोरवा गावचं. ‘हाय’, ‘न्हाय’ करायची. लग्नानंतर मी सुधारलं. रोज सुधारलं. मग ती कमीच बोलायला लागली.”

मॅडमनी खुर्ची काकूंकडे वळवली. “काकू, घरात चाय हाय का?”

काकूंचे ओठ हलले. आवाज आला नाही. मॅडमनी पुन्हा तेच विचारलं, आणि वाट पाहिली. काकांचा हात खिशातल्या पेनावर होता.

“न्हाय,” काकू म्हणाल्या.

काकांचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला. मॅडमनी आठवड्याचे तीन दिवस दिले आणि घरीही याच बोलीत सराव करायला सांगितला.

रविवारी संध्याकाळी मी समोरची बेल वाजवली.

“काका, काकू आहेत का?”

“हाय,” आतून साळवीकाका म्हणाले.