शाफ्टची पाचवी पायरी

जाधव मिस्त्रींच्या चहाच्या ग्लासवर निळ्या शाईची एक रेघ आहे. चहा रेघेला टेकला नाही, तर ते चहावाल्याकडे असे बघतात, जणू त्याने सांगलीचा हळदबाजार लुटलाय. डब्याला दोरा, दोऱ्याला स्वतःची खास गाठ. दुसऱ्या कुणी सोडली तर कळावं म्हणून. "ह्यात कायतरी काळंबेरं हाय," हे वाक्य ते नमस्कारासारखं वापरतात.

आमच्या कारखान्यात उसाचे चरक आणि हळद पॉलिश करायची यंत्रं बनतात. मिस्त्री मूळचे माण तालुक्यातले, लेथवर शाफ्ट, म्हणजे यंत्राचे फिरते दांडे, कातण्यात हयात गेलेली. मागे मालकांनी माझ्यावर एक काम सोपवलं. प्रत्येक भाग कुठल्या पायऱ्यांनी तयार होतो ते कार्डावर लिहायचं, कार्डं भिंतीवर लावायची, सारख्या पायऱ्यांच्या कामांचा एक गट करायचा आणि त्यांची यंत्रं शेजारी-शेजारी आणायची. जे कार्ड कुठल्याच गटात बसणार नाही, ते काम बाहेर द्यायचं.

मी वही आणि घड्याळ घेऊन मिस्त्रींपुढे उभा राहिलो.

"शाफ्टच्या पायऱ्या किती?"

"चार. कापायचा, कातायचा, खाच पाडायची, ग्राइंडिंग मारायचं. आन् ते घड्याळ आधी खिशात घाला सायेब."

सगळी कार्डं लागली. एकटं राहिलं ते दामूअण्णांचं. शाफ्ट ज्या पितळी बुशात फिरतो, तो बुश दामूअण्णा हाताने खरवडून बसता करतात. असं काम दुसरं कुणाचंच नव्हतं. म्हणजे ते बाहेर जाणार, आणि साठीला आलेले दामूअण्णा घरी. मिस्त्री त्यांच्याशी कित्येक वर्षं बोलत नव्हते. आपली कानस दामूअण्णांनीच पळवली, असा त्यांचा पक्का संशय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दामूअण्णांचं कार्ड शाफ्टच्या गटात. मी जागेवर लावलं. दुपारी पुन्हा शाफ्टच्या गटात. असं आठवडाभर चाललं. मिस्त्री माझं काम मुद्दाम हाणून पाडतायत, याबद्दल मला शंका उरली नाही. संशय पडशासारखा असतो, शेजाऱ्याकडून लागतो. एका जेवणाच्या सुट्टीत मी चक्क पॉलिशच्या ड्रममागे लपून बसलो.

मिस्त्री आले. चारी दिशांना बघून त्यांनी कार्ड उचललं.

"मिस्त्री!"

ते दचकले. मग शाफ्टच्या कार्डावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "पाच हायती सायेब."

"काय पाच?"

"पायऱ्या. शाफ्ट झाला की दामूच्या टेबलावर ठेवतो. त्यो शाफ्टला निळा रंग लावून बुशात फिरवून बघतो, कुठं घासतंय तिथं खूण करून परत ठेवतो. मी त्येवढंच उतरवतो. बोलायची गरजच पडत न्हाई."

"मग मला चारच का सांगितल्या?"

"तुमी घड्याळ घिऊन आलता. वाटलं, सगळं सांगितलं तर तुमी कुणाचं तरी काम काढून घेणार." हातातलं कार्ड त्यांनी शर्टाला पुसलं. "मी झाकलं, आन् त्योच उघडा पडला."

मला स्वतःचीच लाज वाटली. गट करण्याचा पहिला नियम म्हणजे पायऱ्या स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या, आणि मी फक्त विचारून लिहून घेतल्या होत्या. मी पेन पुढे केलं. मिस्त्रींनी वाकड्या अक्षरात पाचवी पायरी लिहिली: 'दामूकडं दाखवणे.'

"पण तो तर तुमचा चोर ना?"

"म्हणूनच. लांब गेला तर नजर कोण ठेवणार?"

आता दामूअण्णांचं काम शाफ्टच्या गटात आहे आणि त्यांचं टेबल लेथला लागून. बोलणं अजूनही नाही. परवा चहाच्या वेळी मी तिकडे गेलो, तर दामूअण्णांच्या ग्लासवरही निळी रेघ. मिस्त्रींच्या रेघेपेक्षा चांगली बोटभर वर.

"ही कुणी आखली?" मी विचारलं.

मिस्त्री लेथमधून डोकं वर न काढता म्हणाले, "त्येला कमी पडला तर माझ्यातला पिईल. भरवसा न्हाई गड्याचा."