सासऱ्यांचं स्टीअरिंग

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण दातांच्या डॉक्टरांना सासऱ्यांच्या तोंडून एकदाही ‘छान’ ऐकायला मिळालं नव्हतं. सासरे तसे रागीट नव्हते हो! पण चाळीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस. दाढ काढणं हेही काम असतं, हे काही त्यांना पटत नसे. बाग असलेलं घर सोडून ते फ्लॅटमध्ये राहायला गेले तेव्हा गवत कापायची आपली लाडकी गाडी, चांगली ऐसपैस सीटवर बसून चालवायची, त्यांनी जावयाच्या हवाली केली आणि बजावलं, “ठणठणीत देतोय. तशीच ठेवा.”

पहिल्याच फेरीत डॉक्टरांना घाम फुटला. स्टीअरिंग जाम! वळायचं म्हणजे दोन्ही पाय रोवून स्टीअरिंगला अक्षरशः लोंबकळायचं. एकदा वळण वेळेत जमलंच नाही आणि गाडी सरळ कुंपणातून पलीकडे गेली. कुंपणाला दार काढलंत का, असं बायकोने शांतपणे विचारलं. ठणठणीत गाडी आपला हात लागताच बिघडली, हे डॉक्टरांनी मनाशी पक्कं धरलं आणि कुणाला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी सासऱ्यांचा फोन आला. चार वाजता येतोय, गाडीवर एक फेरी मारून बघतो म्हणाले. फोन ठेवून डॉक्टर तडक गाडीकडे गेले.

त्यांनी तोंडाला मास्क लावला, हातमोजे चढवले आणि पेशंट तपासायला घेतला. पुढची टायरं दाबून पाहिली तर पार बसलेली. पायपंपाने हवा भरली. फरक पडला, पण नावापुरता. मग पुढची बाजू विटांवर उचलून चाकं अधांतरी केली. तरी स्टीअरिंग फिरेना, म्हणजे दुखणं आत होतं. डॉक्टर पाठीवर सरपटत गाडीखाली शिरले आणि दाढा बघायचा छोटा आरसा आत घातला. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खुंट्यांवर गवत, माती आणि वाळून दगड झालेलं ग्रीस यांचा थर होता. असलं कीटण त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. मोठ्या हौसेने त्यांनी ते खरवडून काढलं. शेजाऱ्याकडून ग्रीसगन आणून प्रत्येक सांध्यात ग्रीस भरलं. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा ती नुसतीच बघून गेली. साडेतीनला स्टीअरिंग एका करंगळीने फिरू लागलं, आणि डॉक्टर आपल्याशीच खुदकन हसले.

चारच्या ठोक्याला सासरे आले. चहा नंतर, आधी गाडी! बसले, निघाले, आणि पहिल्या वळणावर त्यांनी सवयीप्रमाणे ट्रकड्रायव्हरचे ते दोन्ही दंड लावून स्टीअरिंग ओढलं.

गाडी जागच्या जागी गर्रकन फिरली. फिरली ती शेवंतीच्या वाफ्यात शिरली, तिथून वाळत घातलेल्या चादरींत घुसली, आणि एक चादर पांघरून सासऱ्यांसकट कपड्यांच्या खांबाला टेकून थांबली. पातं बंद होतं म्हणून बरं. बायको धावत आली. चादरीतून आधी हात आला, मग डोकं.

“स्टीअरिंगला काय केलंत?” सासऱ्यांनी विचारलं.

“बाबा, जाम होतं. माझ्याच हातून बिघडलं असणार. म्हणून ग्रीस...”

“ग्रीस? बारा वर्षांत मी त्याला तेलाचा थेंब लागू दिला नाही! अहो, स्टीअरिंग कसं हाताशी भांडलं पाहिजे. त्याशिवाय गाडी चालवतोय असं वाटतं का? होतं तसं करून द्या.”

डॉक्टर पुन्हा गाडीखाली शिरले. कापसाने सगळं ग्रीस टिपून काढलं, टायरांतली हवा सोडली, सांध्यांत मूठ मूठ माती दाबून बसवली. दात भरायचा हात तो, एक फट सोडली नाही.

सासरे पुन्हा बसले. त्यांनी जोर लावला. मानेच्या शिरा तटतटल्या, चेहरा लालबुंद झाला, आणि मोठ्या मुश्किलीने गाडी अर्धं वळण वळली. ते उतरले आणि त्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली.

“छान! आहे बरं का हातात कसब तुमच्या.”

डॉक्टरांचा ऊर भरून आला. उरलेलं गवत आता तुम्हीच कापा, असं सासऱ्यांनी सांगताच ते टुणकन सीटवर चढले आणि आनंदाने स्टीअरिंगला लोंबकळले.