अडीच वाजायचे राहिले

भोकरवेल नगरपंचायतीच्या जन्म-मृत्यू कक्षातला कॉम्प्युटर दुसऱ्या प्रणालीवरून पहिलीवर आणला, की गावात साडेपाच तास आधीची वेळ होते.

कॉम्प्युटरमध्ये दोन ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे प्रणाली, आहेत आणि एका वेळी एकच चालते; आतलं घड्याळ मात्र एकच आहे. पहिली प्रणाली म्हणते, ते इथली वेळ दाखवतं. दुसरी म्हणते, छे, ते ग्रिनिचची दाखवतं, आपण साडेपाच तास मिळवायचे. दोघी सख्ख्या सवती. कॉम्प्युटरची वेळ तीच गावाची वेळ, असं परिपत्रक असल्यामुळे कुणाचा इलाज नाही. पहिलीवरून दुसरीवर जाताना मी घड्याळ हाताने जुळवून घेते, नाहीतर भर दुपारी दिवेलागण होऊन लोकांची जेवणं बुडतील.

मंगळवारी तीन पस्तीसला हणमंत धुमाळ आला.

"ताई, अण्णा गेले. अडीचला."

"वडील ना? शेवटी भेट झाली?"

"नाही. मी दारातलं चिंचेचं झाड तोडलं म्हणून सात वर्षं अबोला होता. सकाळपासून माझं नाव घेत होते म्हणे. मी पोचलो तीनला."

मला फार वाईट वाटलं. पण नोंद ती नोंद. मी वेळेच्या रकान्यात अडीच भरले आणि दुसरी प्रणाली अडकली ती हलेचना. नाइलाजाने पहिली सुरू केली. दहा वाजून पाच मिनिटं झाली.

"ही नोंद आता घेता येत नाही," मी म्हणाले. "अडीच वाजायचे आहेत."

"मग अण्णा?"

"नियमाने आहेत."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे बायको होती; तिचा आवाज मलाही ऐकू आला. "अहो, अण्णा विचारतायत, हणमा आला का?"

फॉर्म तिथेच टाकून तो पळाला.

दोन पंचवीसला तो परत आला, अण्णांना रिक्षात घालून. म्हातारा नुसता काडी, पण आवाज खणखणीत.

"बाई, बोलणं अर्धंच झालंय. ते यंत्र परत मागं घ्या."

"तोंडी चालत नाही. अर्ज द्या."

हणमंतने अर्ज लिहिला, अण्णांनी सही केली. कारण लिहिलं होतं: चिंच.

"काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," आमचा शिपाई कौतुकाने म्हणाला.

"वेळ माझ्या टेबलावरून जाते," मी त्याला आठवण करून दिली.

जेवणानंतर मी घड्याळ जुळवून दुसरीवर आलेच होते. अर्जावर शिक्का मारला आणि पहिली सुरू केली. आठ अठ्ठावन्न झाले. शिपायाने सकाळचा झाडू पुन्हा हातात घेतला.

अण्णांनी बाकावर पाय वर घेतले, लेकाला जवळ बसवलं आणि म्हणाले, "हं. तर मुळात ती चिंच लावली कुणी?"